कॉलरवरचं नाव

घरात काहीही वाया घालवायचं नाही, हा आजोबांचा शिरस्ता. त्यामुळे थोरली दुडुदुडु चालायला लागली न लागली तोच तापाने गेली, तेव्हा तिचा पाळणा, तिचा पांढरा फ्रॉक आणि तिचं नाव, सगळं पाठच्या बहिणीला मिळालं. नावाचा अर्थ ‘दीर्घायुषी’. आजोबांनी फार शोधून काढलेलं. शिवाय आईने ते फ्रॉकच्या कॉलरवर लाल दोऱ्याने भरून ठेवलेलं. दुसरं नाव ठेवायचं तर तेही उसवावं लागलं असतं.

ही धाकटी पुढे रफूवाली झाली. बाजारामागच्या गाळ्यात बसून कोटांना पडलेली भोकं अशी बुजवायची, की गिऱ्हाईक कापड उलटंपालटं करून विचारायचं, “बाई, माझाच कोट ना हा?” आईची हाक मात्र तिला कधी आपली वाटली नाही. कारण हाक मारताना आईची नजर तिच्या तोंडावर नसायचीच. खाली, गुडघ्यापाशी कुठेतरी असायची.

चाळिशीत दुखणं आलं. डॉक्टरांनी हात टेकले. भावाची बायको तेव्हा पोटुशी होती. एका दुपारी भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, “मुलगी झाली तर नाव तयारच आहे. चांगलं नाव, वाया कशाला घालवायचं?”

“अहो आई, ताई अजून आहेत!”

“आहे गं. मी कुठे आजच ठेव म्हणते?”

मग फ्रॉक ठेवलेल्या ट्रंकेची कडी वाजली.

भावजय दूध घेऊन आली तेव्हा धाकटी म्हणाली, “तो फ्रॉक आण. आणि माझी सुई.”

“ताई, उठून बसवत तरी आहे का तुम्हाला?”

“आण गं. जन्मभर हाक आली की आधी मागे वळून बघितलं मी, ती उभी आहे का म्हणून. तुझ्या पोरीला हे नको.”

भावजयीने डोळे पुसले आणि फ्रॉक आणून दिला. मग पडल्या पडल्या तिने एकेक अक्षर उसवलं. दुमडीतले धागे काढून टाक्यांची भोकं बुजवली. काम संपलं, तेव्हा तीही संपत आली होती.

मुलगी झाली. भावजयीने तिचं वेगळंच नाव ठेवलं. आईने फक्त फ्रॉक मागून घेतला. कॉलरवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

“इथे होतं,” ती म्हणाली. “इथेच तर होतं.”

मग तिने ते नाव घेऊन हाक मारली. या खेपेला तिची नजर खाली नव्हती. धाकटीच्या रिकाम्या खाटेवर, उशीपाशी होती.