पदकाच्या काठावरचं नाव
चिंचेच्या पाण्यानं घासलेल्या चांदीचा वास आला की मला विट्यातलं ते सोनं-चांदी गाळणाऱ्याचं, गलाईचं दुकान आठवतं. माझे सासरे तेव्हा ऐंशीचे होते. त्यांच्या आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक आमच्या देव्हाऱ्यात असायचं. गावात सैनिकांच्या नावांची फरशी बसणार होती, तिच्यावर त्यांचं नाव यावं म्हणून पदक अस्सल असल्याची खात्री हवी होती. साताऱ्यात कचेऱ्यांचे हेलपाटे घालून दमल्यावर कुणीतरी आम्हाला या दुकानदाराकडे पाठवलं. त्यानं पदक घासलं, वजन केलं, भिंगातून काठावर कोरलेलं नाव वाचलं आणि म्हणाला, "आवं बाबा, पदक खरं हाय, पन ह्यावर नाव दुसऱ्याचंच हाय." ते नाव आमच्याच गावच्या माणसाचं होतं. सासऱ्यांनी पदक परत हातात घेतलं. मग म्हणाले, "दोघं एकदमच भरती झालेले. ह्यो माघारी आला न्हाई. घरी पोचवाय म्हनून पलटणीनं आमच्या म्हाताऱ्याकडं दिलं आसंल." गावात एसटीतून उतरल्यावर ते घरी न येता दुखऱ्या गुडघ्यांनी थेट खालच्या आळीला गेले. तिथं त्या सैनिकाची म्हातारी नातसून ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं पदक पदरात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "एवढी वरसं कुठं हुतं वो हे?" सासरे खाली बघत म्हणाले, "आमच्या देवात." आता माझेही गुडघे दुखतात, आणि त्या दिवशी स्टँडवरून आपण त्यांच्यासाठी साधी रिक्षाही केली नाही, एवढंच सलत राहतं.