बाई विसरल्या नव्हत्या

श्रीमती प्रमिलाबाई साठे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या होत्या. गोमती नदीच्या पुराचं पाणी आमच्या घरातून ओसरून जेमतेम एक दिवस झाला होता. लखनौतल्या महानगर वस्तीच्या मागच्या सखल गल्लीत आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. माझ्या यांच्या मानक नगरच्या रेल्वे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं इंदिरा नगरला वरच्या मजल्यावर घर होतं, तिथे पाच दिवस काढून आम्ही चौघं परत आलो होतो: हे, मी, सासूबाई आणि पाच वर्षांची चिनू. घरात अंधार, घोट्यापर्यंत चिखल आणि भिंतीवर माझ्या कमरेच्या वर पाण्याची रेघ. मी सवयीनं दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात मागे घ्या! मागे घ्या म्हणते ना!"

दारात एक बाई उभ्या होत्या. साडी वर खोचलेली, पायांत पुरुषी गमबूट, हातात फिनेलची बाटली. आमचं मराठी बोलणं ऐकून समोरच्या घरातून त्या आल्या होत्या. "मेन स्विच बंद केलात का? नाही ना? मग ओल्यात उभं राहून ओल्या भिंतीला हात कसला लावताय? पोरीला आईविना वाढवायचंय का?" मी झटकन हात मागे घेतला. तिसऱ्या दिवशी वायरमन आला, त्यानं तपासलं आणि म्हणाला, "भाभीजी, इस दीवार में करंट उतरा हुआ था." मी हात नेला होता तीच ती भिंत. हे आठवलं की आजही माझ्या तळहाताला घाम येतो.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला बजावलंय की आधी कार्य, मग स्वभाव, मग आठवणी असा क्रम ठेवा. मी प्रयत्न करते. पण मला लिहायची सवय नाही, आणि जे सांगायचंय ते या तिन्हीत कुठे बसतं ते मलाच कळत नाही.

बाई मूळच्या मिरजेच्या. रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. त्या पुराच्या दिवसांत त्या सकाळी ड्यूटीला जाण्याआधी आणि दुपारी परत आल्यावर गल्लीतलं एकेक घर पालथं घालत. "पाणी घरात असतं तेव्हा सगळे जपतात. आजारपण पाणी गेल्यावर येतं," हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. अनवाणी चिखलात पाय ठेवलेला त्यांना चालत नसे. गाद्या उचलायच्या तर आधी काठीनं आपटायच्या. शेजारच्या मिश्राजींच्या गादीखालून हातभर साप निघाला तेव्हापासून सगळी गल्ली काठ्या घेऊन फिरू लागली. जमिनीखालची पाण्याची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून पुन्हा उपसायची. पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं. दात घासायलाही तेच.

आणि जे पुरात भिजलं ते फेकायचं. इथे आमच्या घरात रणधुमाळी माजली. सासूबाई वाईच्या. मेतकूट, सांडगे, वर्षाचं लोणचं, डाळी, सगळं त्यांच्या हातचं. "उन्हात चांगलं खडखडीत वाळवलं की काय होतंय?" त्या म्हणाल्या. बाईंनी डाळीचा डबा उघडून त्यांच्या नाकाजवळ धरला. "आजी, या पाण्यात अख्ख्या गावाचा संडास होता. ऊन ओल घेईल, घाण नाही घेणार." सासूबाईंनी तोंड फिरवलं. डबे गेले. दोन दिवस त्या आमच्याशी धड बोलल्या नाहीत.

मी मात्र बाईंची लाडकी विद्यार्थिनी झाले होते. रॉकेलच्या स्टोव्हवर दिवसभर माझी पातेली चढलेली असत. "बाई, आमच्या घरात थेंबभर कच्चं पाणी सापडणार नाही," असं मी मोठ्या दिमाखात सांगायची.

परतल्याच्या आठव्या दिवशी सकाळी चिनू उठली ती पोट धरूनच. "आई, पेट में कैसा-कैसा हो रहा है," ती म्हणाली. आमची चिनू मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. एकामागून एक जुलाब सुरू झाले, तांदळाच्या धुवणासारखे. मग उलट्या. बाईंनी शिकवलं होतं तसं साखर-मिठाचं पाणी मी चमच्याचमच्यानं पाजत होते आणि ते जसंच्या तसं बाहेर येत होतं. दहा वाजेपर्यंत तिचे डोळे खोल गेले. हे ऑफिसला निघून गेलेले. मी दारातून बाईंना हाका मारत सुटले. सुदैवानं त्या दिवशी त्यांची ड्यूटी दुपारची होती.

बाईंनी चिनूच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं; त्यांनी पुन्हा एकदा हळूच चिमटी घेऊन पाहिली. एरवी त्या ओरडतात. चिनू रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"शुभा, चादर घे. सलाइन लावायला लागेल. चल."

चिखलातून सायकलरिक्षा ओढत नेणाऱ्या त्या माणसाला बाई सारख्या सांगत होत्या, "भैया, जल्दी, बच्ची है." चिनूला त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि त्या मिनिटामिनिटाला तिचं नाव घेऊन तिला बोलतं करत होत्या. तिनं "हाँ" म्हणणं थांबवलं तेव्हा मला वाटलं, संपलं. मी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागले. बाई म्हणाल्या, "देवाला नंतर बोलाव, आधी तिचे पाय चोळ."

बाईंच्या रेल्वेच्या दवाखान्यात खाटेखाली, बोळात, सगळीकडे माणसंच माणसं. तिची शीर सापडेना. दोन जणींनी प्रयत्न केला, मग बाईंनी स्वतः सुई घेतली. त्यानंतरचे सहा-सात तास मी बाटलीतून पडणारा थेंब न् थेंब बघत बसले होते. थेंब थांबला की मी ताडकन उठायची. ऑफिसातून धावत आलेले हे भिंतीला टेकून उभे होते. बाई आपली ड्यूटी सांभाळून दर अर्ध्या तासानं यायच्या, चादरीखाली हात घालून बघायच्या आणि जायच्या. दिवेलागणीच्या सुमारास त्यांनी असाच हात घातला आणि एकदम ओरडल्या, "ओली आहे! अहो, चादर ओली आहे! लघवी केली हिनं! अंगात पाणी ठरलं!" आपल्या लेकीनं अंथरूण ओलं केलं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच ढसाढसा रडले. बाईंचेही डोळे भरले होते, हे मी पाहिलंय.

तीन दिवसांनी चिनू घरी आली. दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच आमच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या. "कुठून आलं हे? उठल्यापासून ही काय काय तोंडात घालते ते क्रमानं सांग." मी सांगू लागले. दात घासते, उकळलेलं पाणी. दूध, उकळलेलं. आंघोळ, तोंड मिटून. मग आजीजवळ पूजेला बसते. मग तीर्थ…

मी देवघराकडे पाहिलं.

देवाचं पाणी आमच्याकडे सोवळ्यात भरतात. आंघोळ करून, ओलेत्यानं, तांब्याच्या कळशीत, थेट नळाचं. स्वयंपाकघरातलं खरकट्या हाताचं, उकळलेलं पाणी देवाला कसं चालेल? पूजा झाली की सगळ्यांच्या हातावर पळीभर तीर्थ. चिनूला त्यातली साखर आणि तुळशीचं पान आवडायचं, म्हणून ती तीन-तीनदा हात पुढे करायची. आम्हा मोठ्यांचीही पोटं त्या आठवड्यात बिघडली होती, पण ते आम्ही दगदगीवर ढकललं होतं.

आता खरी गोष्ट सांगते. बाईंनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं. "देवाचं पाणीसुद्धा हं शुभा. सोवळ्यात उकळा, वेगळ्या स्टोव्हवर उकळा, पण उकळा. सासूबाईंना तू सांग." मी मान डोलावली. पण नुकतेच डबे गेले होते, घरात अबोला होता. आता देवाच्या कळशीलाही हात घालायचा म्हणजे आणखी एक महाभारत. मी घाबरले. तांब्याच्या भांड्यात पाणी शुद्धच होतं, वर तुळस आहेच, अशी मी माझी समजूत घातली. आणि रोज सकाळी मीच ती कळशी नळाखाली धरली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या तिथेच खाली बसल्या. "माझ्या हातानं पाजलं मी तिला," त्या म्हणाल्या. "रोज. माझ्या हातानं. अहो बाई, मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का? डबे टाकलेच ना मी?"

मी मान खाली घातली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग बाई सासूबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माझीच चूक, आजी. मी सांगायला विसरले."

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पूजा केली, पण तीर्थ कुणाला दिलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवणही तुटलं. चौथ्या दिवशी बाई आमच्याकडे येऊन न्हाल्या, सासूबाईंचं रेशमी सोवळं मागून नेसल्या, घासलेल्या स्टोव्हवर त्यांनी स्वतः पाणी उकळलं, चिंचेनं लखलखीत केलेल्या कळशीत झाकून गार केलं आणि पूजा होईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"द्या, आजी."

"नको हो बाई. माझा हात…"

"मला ड्यूटीला उशीर होतोय. द्या लवकर."

सासूबाईंनी पळी पुढे केली, अर्धं तीर्थ खालीच सांडलं. बाई उरलेलं प्यायल्या आणि त्यांनी ओला हात डोक्यावरून फिरवला. मागून चिनूनं हात पुढे केला, "मुझे भी, आजी." मला ओरडावंसं वाटलं, पण मी तिला अडवलं नाही. सासूबाईंनी तिला तीर्थ दिलं.

त्यानंतर बाई लखनौतल्या ज्या ज्या मराठी घरात गेल्या तिथे त्यांनी आधी देवघर दाखवायला सांगितलं. त्यामुळे किती मुलं वाचली कोण जाणे. पण आपल्या मंडळींत एक विनोद मात्र पक्का झाला: बाईंना सगळं आठवतं, पण एकदा त्याही विसरल्या होत्या. हळदीकुंकवाला सासूबाई स्वतः हे हसत सांगतात. बाईही हसतात. मीही हसते, इतकी वर्षं हसतेच आहे.

म्हणून हा लेख. बाई विसरल्या नव्हत्या. मी सांगितलं नव्हतं. माझी भीती माझ्या लेकीच्या जिवावर बेतली होती, आणि एका परक्या बाईंनी तिचा जीव वाचवून वर माझी चूकही पोटात घातली. हे मी माझ्या यांनासुद्धा सांगितलेलं नाही.

सासूबाई या ग्रंथातलं पान न् पान वाचणार आहेत, चष्मा लावून, मोठ्यानं. तेव्हा बाई, तुमच्या साठीला शुभेच्छा देताना मी मागणंच मागते आहे. तुम्ही शंभरी गाठा, गुडघे धड राहोत, आवाज आहे तसाच खणखणीत राहो. आणि ग्रंथ घरी येईल त्या सकाळी पूजेच्या वेळेला आमच्याकडे या. सासूबाईंसमोर तीर्थासाठी एकटीनं हात पुढे करायचं माझं धाडस नाही.