भिंतीबाहेरचे दगड

आयर्लंडमधल्या मलिंगारजवळच्या आमच्या छोट्या गावाला स्वच्छ गावाचं बक्षीस हवं होतं. कारखान्याला सुटी असली की मीही तण उपटायला जायची. एका शनिवारी समितीच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं: चर्चच्या भिंतीबाहेरचे पांढरे दगड उचला, फुलांच्या वाफ्यांना कडेनं लावू.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी खुरपं खाली ठेवलं. "ते नको," एवढंच म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. दगडांनी भरलेली ढकलगाडी निघाली, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली.

"पोरी, ती बाळं आहेत गं."

एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला इथल्या दफनभूमीत जागा नसे. पाद्री नाही म्हणायचा. मग बाप अंधारात यायचा, भिंतीबाहेर खड्डा खणायचा आणि खुणेला पांढरा दगड ठेवायचा. बाईंच्या पणजीची बाळं तिथे होती. त्यांच्या घरातल्या बायका दर नोव्हेंबरात ते दगड घासून ठेवत आल्या. हे गावातल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं, फक्त बोलायचं नव्हतं.

तान्हं मूल आपल्याकडे भारतातही पुरतातच. पण त्याला आगीचा चटका नको म्हणून. ते अपवित्र म्हणून नाही.

माझं डोकं फिरलं. मी अध्यक्षांना गाठलं.

"अहो, सगळं ग्रँड आहे," ते हसत म्हणाले. इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'. "दगडच तर आहेत."

"मग भिंतीच्या आतला तुमच्या आजोबांचाही आणू या. चांगला गुळगुळीत आहे, बसस्टॉपवर बाक होईल."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष लालबुंद झाले.

"तुम्हाला इथलं काय कळतं?"

"दगड कुणाचे ते कळलं. तेवढं पुरे."

ढकलगाडी मीच परत फिरवली. गवतात दगडांच्या जागा अजून उघड्या, ओल्या दिसत होत्या. बाई आणि मी एकेक दगड जागेवर बसवला. मदतीला कुणी आलं नाही, अडवायलाही नाही. वाफ्यांना पुढे विटा लावल्या.

काम आटोपल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळे तुला उगाच त्रास. सॉरी हं."

अध्यक्षांवर आला नव्हता इतका राग मला तेव्हा आला. ज्या भिंतीनं यांच्या घरची बाळं बाहेर ठेवली, तिच्याच सावलीत उभ्या राहून या माफी मागत होत्या, आणि तीही माझी.

"तुम्ही नाही मागायची माफी," मी जरा जोरातच बोलले.

नोव्हेंबर लांब होता, पण दगडांना चिखल लागला होता. मी माझ्या कारमधून पाणी आणि दोन ब्रश काढले. एक ब्रश त्यांच्या हातात दिला.