सुरेखाकाकूंचा घोंगड्या

सुरेखाकाकू सांगलीहून आयर्लंडमधल्या नासला आल्या त्या २०२०च्या फेब्रुवारीत. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. थोडे दिवस मुलाकडे राहायचं, आयर्लंड बघायचं आणि परतायचं, असा बेत. मार्चात विमानंच बंद झाली. मुलगा श्रेयस लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, सून निशिगंधा नासच्या हॉस्पिटलात डॉक्टर. ती कोविड वॉर्डातून यायची ती थेट बाथरूममध्ये, आणि मग न बोलता जेवायची. काकूंनी स्वयंपाकघरातली सगळी कपाटं, म्हणजे इथल्या भाषेत 'प्रेस', दोनदा लावून काढली. मग त्यांना करायला काही उरलं नाही.

मी प्रताप, श्रेयसचा पुण्यातला वर्गमित्र. मीही आयर्लंडमध्येच; माझं ऑफिस चेरीवूडला, पण तेव्हा ते माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी मी, श्रेयस आणि त्याच्याबरोबर काम करणारा आयरिश फरगल ऑनलाइन एक खेळ खेळायचो. फरगल एका काल्पनिक जगाची गोष्ट रचायचा, आम्ही दोघं त्यातले योद्धे. समोर काय आलं ते तो सांगणार, आपण काय करतो ते आम्ही, आणि जिंकलं कोण ते फासे ठरवणार.

एका शनिवारी आम्ही काळ्या दलदलीत शिरलो. फरगलनं आवाज घोगरा करून सांगितलं, की चिखलातून रेड्याएवढा, चौदा पायांचा किडा उठलाय आणि तोंडातून आग ओकतोय. मी तलवार उपसली. तेवढ्यात श्रेयसला चहा द्यायला काकू आल्या आणि स्क्रीनकडे वाकून इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही नसता तेव्हा हा खातो काय?"

"माणसं," फरगल म्हणाला.

"दलदलीत रोज किती माणसं येतात?"

"आज ही दोघं आलीत."

"मग हा केव्हाच उपाशी मेला असता. आणि आगच ओकायची तर ओल्या जागेत कशाला राहील?"

"आई, प्लीज," श्रेयस म्हणाला.

पण फरगल पुढे सरकून बसला होता. "थांब रे. मग त्यांच्या मते तो काय खातो?"

काकूंनी खुर्ची ओढली. त्या संध्याकाळी माझी तलवार उपसलेलीच राहिली.

पुढचा आठवडाभर काकू मागच्या अंगणात कुंड्या उचलून त्यांच्याखालचे करडे, चपटे, पुष्कळ पायांचे किडे बघत होत्या. शनिवारी त्या आमच्या आधी स्क्रीनसमोर हजर. फरगलच्या किड्याची आग त्यांनी काढून टाकली होती, पाय मात्र ठेवले होते.

"याचं नाव घोंगड्या," त्या म्हणाल्या. "कल्ले पोटाखाली, ते सतत ओले हवेत. म्हणून पाठीवर शेवाळाचं घोंगडं. शेवाळ पाणी धरतं, घोंगड्या त्याला खत देतो. शेवाळात माश्या अंडी घालतात, त्यांच्या अळ्या टिपायला पक्षी बसतात, आणि पक्षी बिया टाकून जातात. म्हाताऱ्या घोंगड्याच्या पाठीवर बोराची झाडं असतात. खातो फक्त कुजकं लाकूड. त्याच्या बिळांमुळे दलदलीतलं पाणी वाहतं राहतं."

"ग्रँड," फरगल म्हणाला. "म्हणजे युअर मॅन शाकाहारी आहे."

"माय मॅन? ही मादी आहे."

इथं कुणाबद्दलही 'युअर मॅन' म्हणतात, हे श्रेयसनं समजावलं. काकूंना ते पटलं नाही. त्या दिवसापासून खेळात 'युअर वुमन' म्हणायचं ठरलं.

मग तो कात टाकायचा शनिवार आला. दलदलीच्या राजानं आम्हाला घोंगड्याचं कवच आणायला पाठवलं होतं. फरगल म्हणाला, "ती समोर उभी आहे. काय करता?"

"थांबा," काकू म्हणाल्या. "ती कात टाकतेय. हे प्राणी अर्धीच कात टाकतात. आधी मागची. म्हणजे विजार उतरवून ठेवलीय, सदरा अजून अंगात आहे. मागून ती गुलाबी, मऊ आणि अतिशय संकोचलेली आहे."

काकूंच्या मागून विचित्र आवाज आला. निशिगंधा दारात उभी होती, हातात जेवणाचं ताट, आणि ती हसत होती. हसता हसता खाली जमिनीवर बसली, तरी थांबेना. वरण सांडलं. श्रेयस उठून तिच्याकडे गेला, तर त्यालाही हसू आवरेना. काकू मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "हसण्यासारखं काय आहे? तिला आडोसा द्या." मी आणि श्रेयसनं, राज्यातल्या दोन नामांकित योद्ध्यांनी, आपले झगे काढून एका किड्याच्या मागे पडदा धरला. फरगल टेबलावर डोकं ठेवून हुंदके दिल्यासारखा हसत होता.

त्यानंतर निशिगंधाही खेळात आली. फरगलनं तिला वैद्य व्हायला सुचवलं. "अजिबात नाही," ती म्हणाली, "मी दरोडेखोर होणार." ड्युटी नसलेल्या प्रत्येक शनिवारी तिनं मनसोक्त दरोडे घातले. लढाया बंदच पडल्या. राजाला कवच न देता आम्ही त्याचीच गाडी लुटली आणि गाभण घोंगडीला त्या गाडीतून नदीपार नेलं. तो सगळा हिवाळा आम्ही तिचं बाळंतपण करत होतो.

२०२१च्या जूनमध्ये बाहेर भेटायची मोकळीक मिळाली तेव्हा फरगलच्या अंगणात आम्ही घोंगड्या बांधला. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, बागेचा पाइप, जुनी रजई आणि वर खरंखुरं शेवाळ. नासच्या कालव्याकाठी तो चालवायला निघालो. पुढे काकू, मग फरगल, श्रेयस आणि शेवटी मी. निशिगंधा बाजूनं फोटो काढत होती. आठच पाय झाले, बाकीचे सहा मोज्यांत कागद कोंबून लटकवलेले. लोक सायकली थांबवून बघत होते.

वळणावर एक हंस पाण्यातून वर आला. त्याची पिल्लं मागे होती. त्यानं पंख पसरले आणि मान पुढे काढून फिस्कारत आमच्यावर धावला.

"गोळा व्हा," काकू शिक्षिकेच्या आवाजात ओरडल्या. "संकटात हे प्राणी अंग गुंडाळतात."

आम्ही गुंडाळायला गेलो. काकू डावीकडे वळल्या, मी उजवीकडे, मधले दोघं कुठे वळायचं ते न कळून एकमेकांवर आदळले, आणि फरगल रजईसकट कालव्यात गेला. पाणी कमरेएवढंच होतं. तो डोक्यावर शेवाळ घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "युअर वुमनला पोहता येतं का, काकू?" हंस समाधानानं परत फिरला.

सायकलवरून पोलीस आला तेव्हा आम्ही चौघं गवतावर आडवे होतो आणि कुणालाच धड बोलता येत नव्हतं. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. काकू उठून बसल्या, पदर सारखा केला आणि त्याला कल्ल्यांपासून सगळं सांगितलं. तो हेल्मेट काढून ऐकत राहिला. शेवटी एवढंच विचारलं, की हा चावतो का. काकूंनी खात्री दिल्यावर रजई पाण्यातून काढायला हात लावून तो गेला.

फरगलला श्रेयसची गाडीतली कोरडी पँट घोट्याच्या खूप वर आली. निशिगंधानं डब्यातून थालीपिठं काढली. काकू मात्र खाणं सोडून कालव्यातल्या हंसाकडे बघत होत्या.

"घोंगड्याला कोण खातं ते मी ठरवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "प्रताप, या हंसाच्या मानेची लांबी किती असेल रे?"