विमलाबाईंनी बदललेली चिठ्ठी

विमलाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आणि शहरातल्या द्वारका चौकाच्या पुढे असलेल्या त्यांच्या वसाहतीतल्या महिला मंडळाच्या चिटणीसही. मुलींच्या वसतिगृहाला पांघरुणं घ्यायची म्हणून १९७९च्या जानेवारीत मंडळानं घरच्या खाऊचा लिलाव ठेवला. प्रत्येकीनं काहीतरी करून आणायचं, सजवून मांडायचं आणि पाहुण्यांनी बोली लावायची. कल्पना विमलाबाईंचीच.

त्यांनी नानकटाई करायची ठरवली. तिच्यासाठी आठ दिवस खपून डबा केला. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, सिगारेटच्या पाकिटांतली चांदी, फुटक्या बांगड्यांची नक्षी आणि आत द्राक्षांच्या पेटीतला कागदाचा भुसा. शाळेतल्या बायका डबा पाहायला घरी येऊन गेल्या.

त्या वेळी नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीत भाजायला देत. पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि दुपारी जाऊन आणायचं. लिलावाच्या दिवशी विमलाबाई बेकरीत गेल्या तर त्यांची नानकटाई खालून पार करपलेली. शेजारच्या पत्र्यावर बदामी रंगाची, अलगद तडकलेली नानकटाई होती. चिठ्ठी सुलाबाईंची.

सुलाबाई मूळच्या चांदवडकडच्या. नवरा वारल्यावर मुलगी लताला घेऊन वसाहतीत आल्या होत्या आणि विड्या वळून घर चालवत होत्या. लिलावासाठी त्यांनी चांगलं तूप आणलं होतं, हे विमलाबाईंना माहीत होतं.

भट्टीवाला पाठमोरा होता. विमलाबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि अदलाबदल करून ठेवल्या. एवढंच. ती बदामी नानकटाई घेऊन घरी येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी समाजमंदिरापुढच्या मंडपात त्यांच्या डब्यावर सगळ्यांत मोठी बोली लागली. सुलाबाईंनी पळसाच्या पानांचे सुबक पुडे शिवून आणले होते. पुडा उघडला, एकानं नानकटाई उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "अहो, हा तर कोळसा!" मंडप हसला. विमलाबाईही हसल्या, कारण न हसणं उठून दिसलं असतं.

सुलाबाईंनी पुडे पदराखाली घेतले. "माझाच हात चुकला असंल," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी विमलाबाई त्यांना बोलवायला गेल्या. "नको बाई," सुलाबाई म्हणाल्या, "माझ्या हाताला आता चव नाय राहिली." विमलाबाईंना शाळेच्या वाटेवर ते दार रोज लागायचं. दार उघडं दिसलं की त्या पदर सावरत भरभर पुढं जायच्या. नानकटाई त्यांनी घरात पुन्हा केली नाही. लोक त्या डब्याचं कौतुक करू लागले की त्या विषय बदलत.

१९८४ साली लताचं लग्न ठरलं. लाडू वळायला वसाहतीतल्या बायका जमल्या, पण सुलाबाई परातीपाशी बसेनात. "शुभकार्य हाय. माझा बिनचवीचा हात नको," म्हणून त्या दारात उभ्या राहिल्या. पोटच्या पोरीच्या लग्नात! विमलाबाईंच्या हातातला लाडू फुटला.

लग्नानंतर चार दिवसांनी त्या सुलाबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. सुलाबाईंच्या मांडीवरच्या सुपात तंबाखू होती. त्या विडी वळत राहिल्या.

"पाच वर्सं," शेवटी म्हणाल्या. "अन् रोज माझ्या दारावरून जात व्हत्या तुमी."

"माफ करा, सुलाबाई."

"मला सांगितलं. हसले त्यांना कोन सांगनार?"

लिलावात सगळ्यांपुढे सांगायचं विमलाबाईंनी घरी काढलं, तेव्हा त्यांचे यजमान निवृत्ती म्हणाले, "कशाला उकरतेस आता? कोणाला आठवतंय?"

"तिला आठवतंय," विमलाबाई म्हणाल्या.

जानेवारीतल्या लिलावात, बोली सुरू होण्याआधी, त्या उभ्या राहिल्या. बेकरीपासूनचं सगळं सांगितलं. मंडपात कोणी हसलं नाही. मागून एक बाई मात्र मोठ्यानं म्हणाली, "आणि पोरांना काय शिकवत असतील या?" चिटणीसपद विमलाबाईंनी त्याच दिवशी सोडलं.

सुलाबाई तिथं नव्हत्या. बातमी त्यांना इतरांकडून कळली. दिवाळीत त्यांच्या घरून तुपाचा वास आला आणि शेजारच्या सुमनबाईंकडे ताट गेलं. विमलाबाईंकडे आलं नाही. रस्त्यात त्यांनी 'जयभीम' म्हटलं की सुलाबाई 'जयभीम' म्हणायच्या आणि चालू लागायच्या.

१९८७ साली सुलाबाई लताकडे राहायला इगतपुरीला निघाल्या. जावई रेल्वेत होता. विमलाबाई न बोलावता गेल्या आणि त्यांनी एक गाठोडं उचललं. सुलाबाईंनी नको म्हटलं नाही. दोघी थांब्यापर्यंत चालत गेल्या. एस.टी. आल्यावर सुलाबाईंनी खिडकीतून गाठोडं आत घेतलं.

"पावसाळ्यात येऊ नका," त्या म्हणाल्या, "तिथं लय पाऊस. एरवी या."