आतून कडी

पुण्याजवळ घोटावड्यात ज्यांच्या खोलीत मी भाड्याने राहते, त्या मावशींनी माझी लाजही राखली आणि नोकरीही. म्हणून आधी त्यांचं सांगितलं, आता बाकीचं.

माझं गाव हिंगोलीकडचं, शाळा नववीत सुटली. इथे कारखान्यात पॅकिंगला आहे. बावीस बायकांत एक संडास. आतून कडी नाही, नळाला पाणी नाही, आदल्या दिवसाची घाण तशीच भांड्यात. बसलं की माशा तोंडावर येतात. तो वास केसांना चिकटून खोलीपर्यंत येतो, भाकरी तोंडात घातली तरी नाकातून जात नाही. एकीने आत बसायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं. त्यापेक्षा नकोच, म्हणून आम्ही दिवसभर पाणीच पीत नव्हतो. पुढे मला लघवीला आग व्हायला लागली, ताप चढला. सांगणार कुणाला?

एका संध्याकाळी मावशींनी माझी बाटली उचलून बघितली. "रोज भरून नेतीस आन् भरलेलीच आणतीस. उंट हायेस का गं तू?"

मग सगळं सांगितलं. डॉक्टरकडे त्यांनीच नेलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून कंपनीचे एक साहेब आले. एका खोलीला नवा रंग देऊन तिथे कॅरम आणि मऊ गाद्या मांडल्या होत्या. त्यांवर आम्हाला बसवून फोटो काढले. साहेब म्हणाले, "तुमची मिलेनियल पिढी नुसता पगार बघत नाही. तिला कामात आनंद हवा, अर्थ हवा." तिशी-चाळिशीतल्यांना तसं म्हणतात; मी पस्तिशीची, म्हणजे मीही त्यातच येते म्हणे. मग कागद वाटले: कामाच्या ठिकाणी तुम्हाला काय हवं?

मी लिहिलं, संडासाला आतून कडी आणि पाणी.

सुपरवायझरने तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "बाईसाहेब, उद्यापासून घरच्याच संडासात बसा. इथे येऊ नका." या पगारावर गावाकडे माझी दोन लेकरं शिकतात.

तेवढ्यात मावशी चहाचं दूध घेऊन आल्या. कारखान्याला रतीब त्यांचाच होता. त्यांनी ते ऐकलं, किटली खाली ठेवली आणि साहेबांकडे वळल्या.

"सायेब, तुमी पाच मिन्टं आत बसून या. दार मी धरते."

साहेब हसले. मावशी हसल्या नाहीत. शेवटी साहेब गेले, दारातूनच नाकाला रुमाल लावून मागे फिरले आणि भिंतीशी वाकून ओकले. मला त्या ओकारीपेक्षा त्या पांढऱ्या रुमालाची जास्त किळस आली.

चार दिवसांत कडी बसली, पाण्याची टाकी आली. मला कुणी काढलं नाही. मावशींचं दूध मात्र सुपरवायझरने बंद केलं. आता चहाला पिशवीचं येतं. मी रडत माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "गप बस. म्हशीला काय ठावं, कोण पितंय ते."

मला ठाऊक आहे ना. त्यांच्या दुधाला याहून चांगलं गिऱ्हाईक मी शोधून देईन. कधी ते सांगता येत नाही, पण देईन.