शाईनं गिरवलेला शब्द

खोडरबराचा वास आला की मला ग्रीकचा तास आठवतो. नवा करार मूळ ग्रीकमधून शिकवणाऱ्या आमच्या सरांचा नियम होता: शब्दाचा अर्थ वहीत पेन्सिलीनं लिहायचा, तो माणसांत पाहिला की मगच शाईनं गिरवायचा, आणि पेन्सिलीच्या शब्दावर चर्चमध्ये बोलायचं नाही. माझा पहिला उपदेश रविवारी होता. गर्दी पाहून येशूला कळवळा आला, तिथल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी चक्क आतडी आहेत, हे कोशात सापडल्यामुळे मी खुशीत होते. सरांनी वही पाहिली. "हे कोशाला ठाऊक आहे. आपण कुठे पाहिलंत?" शनिवारी चर्चच्या जेवणासाठी कांदे आणायला मी मार्केट यार्डात गेले. तिथे पोत्याखाली एक हमाल कोसळला आणि मला कांदे निवडून देणारी बाई हातातलं टाकून धावली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत राहिली. तो उठून बसल्यावर मी विचारलं, "तुमच्या घरचे का?" "न्हाय ओ, नावबी ठावं न्हाय. पर आतडं तुटलं बघा," म्हणत ती पुन्हा कांदे निवडू लागली. घरी आल्या आल्या, हाताला कांद्याचा वास असतानाच मी तो शब्द शाईनं गिरवला. रविवारी उपासनेआधी सरांनी वही मागितली आणि त्या शब्दावर जोर लावून खोडरबर फिरवला. "जात नाही. बोला आता." आज त्याच वर्गात मी ग्रीक शिकवते, आणि कुणी वही पुढे केली की आधी खोडरबर हातात घेते.